तळ सोडतानाची हाक

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारी शाळा सुटायच्या आधी, व्हॅनमध्ये बसून वाचते. वेळ बरा जातो. पण बहुतेक अनुभवांना दोन साधे प्रश्न विचारले — उजेड किती होता आणि सांगणाऱ्याची झोप झाली होती का — की त्यातली हवा निघून जाते. म्हणून लिहायला बसण्याआधी ते प्रश्न मी स्वतःलाच विचारून घेतले. भर दुपार होती, झोप झालेली होती आणि पाहणारी मी एकटी नव्हते. तरी उत्तर मिळालेलं नाही... म्हणून लिहिते आहे.

मी संभाजीनगरला पुंडलिकनगरमध्ये राहते आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. आमचे हे वाळूजला एका कंपनीत आहेत. ही गोष्ट माझ्या सासूबाईंची. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, तेच इथं लिहीन.

आमचं मूळ घर बिडकीनजवळचं, मेंढरं राखणारं. सासऱ्यांच्या काळापर्यंत दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि मेंढरं घेऊन चाऱ्यामागं बाहेर पडायचं. आज या शेतात तळ, चार दिवसांनी त्या. तळ हलवायच्या सकाळी सगळे पुढं निघाले की घरातली मोठी बाई मागं थांबायची. रिकाम्या जागेकडं तोंड करून एकेकाचं नाव घ्यायची — चल रे अमक्या, चल गं तमके. पोरं, कुत्री, लंगडतं कोकरू, सगळ्यांची नावं. मग वळायचं, आणि एकदा वळलं की मागं बघायचं नाही. वाटेत नदी आडवी आली तर पलीकडं जाण्याआधी पुन्हा हाक. ज्याचं नाव घेतलं नाही त्याचा जीव त्याच तळावर घुटमळत राहतो, अशी समजूत. मीसुद्धा मुलांची नावं घेतल्याशिवाय व्हॅन हलवत नाही, पण ती शिस्त झाली. समजूत वेगळी.

आता दिगंबरबद्दल. यांचा धाकटा भाऊ. घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या कॉलेजची सहल रत्नागिरीला गेली. दीपगृह पाहिलं, किल्ला पाहिला, माशांचं संग्रहालय पाहिलं, ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा पाहिला, आणि संध्याकाळी पोरं समुद्रात उतरली. बाकीचे परत आले. दिगंबर सापडलाच नाही.

सासरे आणि हे शोधायला गेले. किनाऱ्यानं खूप फिरले, कोळ्यांना विचारलं, शेवटी हात हलवत परत आले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "निघताना हाक मारली का?"

दोघांनीही मारली नव्हती. तशा वेळी कुणाला सुचणार? हाक मारायचं काम बायकांचं, पुरुषांना त्याची सवयच नाही. हे तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी मला हे लग्नानंतर एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

आत्याबाईंनी सासऱ्यांशी भांडण केलं नाही. फक्त ते असेपर्यंत त्यांना वाढताना "आणखी घ्या" असं म्हणाल्या नाहीत. दिगंबरचे दिवस घालू दिले नाहीत. आणि घराच्या दाराला आतून कडी लावू दिली नाही. पोरगं कधी आलं तर दार वाजवत बसायला नको.

गावाकडं हे चाललं. पुंडलिकनगरला घर बांधल्यावरही तेच. सायकल चोरीला गेली, एकदा गॅसची टाकी गेली. मी पुष्कळ डोकं आपटलं. "आत्याबाई, दिगंबर भाऊजींना हे घर ठाऊक तरी आहे का? तेव्हा हे घर होतं का?" तर म्हणायच्या, "तू तुझ्या खोलीची कडी लाव. मी दाराशी निजते." आणि निजायच्या. बाहेरच्या दाराला कडी होती, पण घर रंगवताना एकदा तिच्यावर रंग बसला तो कायमचाच.

तीन-चार वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, पण ती हळूहळू जाणार. घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "मंदे, डोळे हायेत तवर मला एकदा रत्नागिरीला न्ये. म्या हाक मारते अन् येते."

यांना विचारलं. हे ताटावरून न उठता म्हणाले, "तो समुद्र मी पुन्हा बघणार नाही." विषय संपला. मग दिवाळीच्या सुट्टीत मी व्हॅन धुतली, आतून झाडून घेतली, शाळेचा बोर्ड काढून ठेवला आणि आम्ही दोघीच निघालो. मला वाटलं, म्हातारीच्या मनाचं समाधान होईल आणि मला घराला कडी लावता येईल. खरं सांगायचं तर हेतू एवढाच होता.

रत्नागिरीत पोचल्यावर मी विचारलं, "आधी समुद्रावर जायचं?"

"समुद्र मला बघायचा नाय. त्यानं काय बघितलं ते बघायचं."

म्हणून आम्ही सहलीच्याच क्रमानं निघालो. दीपगृहापाशी त्या खालीच बसल्या. किल्ल्यावर देवीच्या दर्शनाला मात्र चढल्या. तिथं तिन्ही बाजूंना समुद्र... त्या पूर्ण वेळ माझ्या दंडाला धरून पायरीकडं बघत होत्या. माशांच्या संग्रहालयात मोठ्या देवमाशाचा सांगाडा आहे. लहान मुलं त्याच्याभोवती ओरडत होती. आत्याबाई त्याच्या फासळ्यांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"केवढा आसंल गं जित्तेपणी?"

"असेल आपल्या घराएवढा."

"याची हाडं तरी घावली," त्या म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

राजवाड्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. लाल चिऱ्याची मोठी इमारत, लाकडी कमानींच्या खिडक्या, मागं खाडी. आत राजाच्या काही वस्तू, जुन्या मूर्ती. पाटीवरचं मी वाचून दाखवलं — ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी कैद करून इथं आणलं, तो इथंच वारला, इथंच पुरला.

"न्यायला कुणी आलं नाय?"

"येऊ देत नव्हते. कैदीच होता तो."

"हितक्या लांब आणून टाकलं लेकराला," त्या म्हणाल्या. राजा म्हातारा होऊन गेला होता हे मी सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता.

दिगंबरचा शेवटचा फोटो याच राजवाड्यासमोरचा. सगळा वर्ग पायऱ्यांवर, मागच्या ओळीत कडेला हा. कुणाचा तरी गॉगल मागून घातलेला, त्यामुळं डोळे दिसत नाहीत. आत्याबाई फोटो पिशवीतून घेऊन आल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला फोटो धरायला लावला, मागची कमान जुळवली, आणि तो जिथं उभा होता त्या पायरीवर जाऊन हात टेकवला. मग खाली उतरल्या, मागं सरकल्या, इमारतीकडं तोंड केलं.

आत्याबाईंचा आवाज एरवी बारीक. पण रानात हाक मारणाऱ्या बाईचा आवाज म्हातारपणीही आत कुठंतरी असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"दिगूऽऽ... चल रे बाबा. घरी चल. तळ हालला."

फिरायला आलेली माणसं वळून बघायला लागली. सेल्फी काढणाऱ्या एका पोरीनं मोबाइल खाली घेतला. राखणदार दारातून बाहेर आला.

"आजी, आत कोण ऱ्हायलंय काय?"

"व्हय. येतंय आता."

तो बिचारा आत गेला. खोल्या बघून परत आला. "कोण नाय हो आजी आत."

"नाय ना?" आत्याबाई म्हणाल्या. "मग निघालाच."

आणि वळल्या. पुन्हा मागं बघितलं नाही.

व्हॅनमध्ये बसल्यावर पहिला वाद झाला. मागं बघायचं नाही म्हणजे माझ्या आरशातूनही नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, घाटात गाडी चालवायची आहे. मागचं न बघता कशी चालवू?"

"पोरं नायत आज गाडीत. कुणाला बघतीस?"

शेवटी तडजोड केली. आतला आरसा छताकडं फिरवून ठेवला, बाहेरचे दोन राहू दिले. मला त्या आरशात सारखं बघायची सवय आहे — कोण उठलं, कोण दाराशी खेळतंय. त्या प्रवासात दर थोड्या वेळानं माझी नजर तिथं जायची आणि छताचं रेक्झिन दिसायचं.

मुक्काम पुण्यात माझ्या मुलीकडं केला. चांगली झोप झाली, हे मुद्दाम सांगते. सकाळी निघताना आत्याबाईंनी तिच्या फ्लॅटच्या दारात हाक मारली आणि लिफ्टचं दार जरा वेळ धरून ठेवलं. शेजारचे गृहस्थ आत होते. म्हणाले, "अजून कोणी येतंय का?" मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, तू पण ना." मी म्हटलं, मी काय केलं?

वाटेत लागेल त्या नदीवर पुलाच्या अलीकडं गाडी बाजूला घ्यायची, काच खाली करायची, हाक. आदल्या दिवशी कृष्णा आणि नीरा, आता भीमा. नगरहून शेवगावमार्गे पैठणला आलो. गोदावरीचा पूल समोर दिसायला लागला तोवर आत्याबाईंचा आवाज पार बसला होता. दोनदा प्रयत्न केला, नुसती हवा आली.

"मंदे, तू मार."

"मी?"

"वहिनी न्हाईस का त्याची?"

मी गाडी बाजूला घेतली. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला. मला लाज वाटत होती... आणि एक वेगळीच अडचण होती. दिगंबरला मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याशी एक शब्द बोललेले नव्हते. आता मी पन्नाशी ओलांडलेली, आणि ते अजून एकोणीस वर्षांचे. माझ्या मुलीहून लहान. पण दिराला कुणी अरे-तुरे करत नाही. मी काचेतून बाहेर तोंड काढून म्हटलं, "दिगंबर भाऊजी, चला. घर जवळ आलं."

एवढंच. आवाज जरा हलला माझा, ते कबूल करते.

आत्याबाईंना आधी गावाकडं जायचं होतं. घर आता तिथं राहिलेलं नाही. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, रुंद सिमेंटचे रस्ते झाले, तारेची कुंपणं आली. पण माझे चुलत दीर, सोपान भाऊजी, अजून मेंढरं राखतात. ते लहानपणी दिगंबरच्या मागं मागं मेंढरांत फिरलेले. रस्त्याच्या कडेच्या पडीक रानात त्यांचा कळप दुपारचा बसला होता. ऊन कडक होतं. मेंढरं नेहमीप्रमाणं एकमेकांच्या सावलीत माना खाली घालून, गठ्ठा करून. सोपान भाऊजी बाभळीखाली भाकरी खात होते.

मी गाडी रस्त्यावरून खाली घेतली आणि बंद केली. आत्याबाई पुढच्या सीटवरच बसून राहिल्या. मी आंबापोळीचा पुडा घेऊन भाऊजींकडं निघाले.

"या वहिनी," ते म्हणाले. "समुद्र घरी घिऊन आल्या का काय?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा घास हातातच थांबला. ते माझ्या मागं बघत होते.

कळप उठला होता. कुणी हाक दिली नव्हती, कुत्रं भुंकलं नव्हतं. ज्यांनी मेंढरं पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे, मेंढरू गाडीला बुजतं. तरी सगळा कळप सावकाश चालत व्हॅनच्या मागच्या दाराशी गेला आणि तिथं उभा राहिला. ओरडणं नाही, ढकलाढकली नाही. आपला धनी जवळ आला की जशी खाली माना घालून उभी राहतात, तशी.

भाऊजींनी त्यांच्या पद्धतीनं जीभ वाजवली. एकानंही मान वळवली नाही. पुन्हा वाजवली. नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

व्हॅनमधून आत्याबाईंचा बसका आवाज आला. मान पुढंच ठेवून म्हणाल्या, "मंदे, मागचं दार उघड."

मी मेंढरांतून वाट काढत गेले आणि मागचं दार वर उचललं. आत आमची बॅग, पाण्याचा कॅन, आत्याबाईंची घोंगडी. बाकी काही नाही. मी नीट पाहिलं. पाहणं हेच माझं काम आहे.

मग मेंढरं बाजूला झाली. मधोमध वाट पडली, माणूसभर रुंद. आणि पुढच्या क्षणी सगळा कळप वळून रानातून चालू लागला. मेंढरं अशी आपापली चालत नाहीत. पुढं राखणारा लागतो, नाहीतर शेळी लागते. इथं पुढं काही नव्हतं. पण पहिली मेंढी मोकळी चालत नव्हती... पुढच्या माणसाच्या पायांत येऊ नये म्हणून ठेवते तेवढं अंतर ठेवून चालत होती. मधेच थांबायची, पुन्हा चालायची.

"म्होरं कोण हाय?" सोपान भाऊजी हळूच म्हणाले. मला नाही, स्वतःशीच.

कळप कुंपणापर्यंत गेला. तारेपलीकडं कुणा कंपनीची मोकळी जागा आहे, नुसतं गवत वाढलेलं. मेंढरं तारेला लागून, आत तोंडं करून उभी राहिली. मी विचारलं, "तिकडं काय आहे?"

भाऊजींनी हात तारेपलीकडं केला. "आपलं घर हुतं," म्हणाले. "अन् त्येच्याम्होरं वाडगं. मेंढरं कोंडायचं. दिगूदादा रोज तिथंच आणून कोंडायचा."

या कळपातलं एकही जनावर त्या काळातलं नाही. मेंढरू एवढी वर्षं जगत नाही. त्यांच्या आयांनीही ते वाडगं पाहिलेलं नाही.

मी काय काय तपासलं ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. गाडीत पेंड नव्हती, चारा नव्हता. मुलांच्या बिस्किटांचा चुराही नव्हता, निघण्याआधी मीच झाडली होती. आत्याबाईंनी तिथं हाक मारली नव्हती, मारता आलीच नसती. सोपान भाऊजी नंतर म्हणाले, "मिठाला आली आसतील वहिनी. गाडी खाऱ्या वाऱ्यात उभी हुती ना." हे मला पटलं होतं. मेंढरांना मीठ आवडतं. पण मग एकीनं तरी गाडीला जीभ लावायला हवी होती, आणि मीठ सोडून ती कुंपणाकडं का गेली? ज्याला याचं उत्तर सापडेल त्यानं जरूर सांगावं.

आत्याबाई गाडीतून उतरल्या. आता मागं बघायला हरकत नसावी, कारण त्या कुंपणाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना तेवढ्या लांबचं कितपत दिसत होतं, माहीत नाही. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. त्या दिवशी रडल्या. आवाज बसलेला असल्यामुळं तेही नुसतं हवेसारखं.

सोपान भाऊजी जवळ आले. "काकू..."

"सोपाना," त्या म्हणाल्या, "दिगूचं दिवस घालायचं राहिलंत. आता घालू."

थोड्या वेळानं मेंढरं आपणहून परत फिरली आणि चरायला लागली. जणू काही झालंच नाही.

पुंडलिकनगरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी यांना काय झालं ते सांगितलं, जसं इथं सांगितलं तसंच. जेवणं झाली. आत्याबाईंनी आपलं अंथरूण दाराशी घातलं नाही. आतल्या खोलीत घातलं. मग म्हणाल्या, "मंदे, कडी लाव."

मी उठले. कडी हलेना. रंगानं ती कोयंड्याला पार चिकटली होती. मी जोर लावला, तेल सोडलं, तरी नाही. मग हे उठले, स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि कडीवर ठोके घालायला लागले. एक, मग आणखी एक... शेजारचे खिडकीतून म्हणाले, "काय तोडताय?" हे माझ्याकडं पाठ करून ठोकत होते, आणि कडी सुटल्यावरही थोडा वेळ ठोकतच राहिले.

तो आत आला म्हणून कडी लावायची, की आता तो येणार नाही म्हणून, हे मी आत्याबाईंना विचारलं नाही. त्या गेल्या त्यालाही आता दीड वर्ष झालं. मी कडी सरकवली. ती बसली.